नाशिकमध्ये बसून डिजिटल कॉपीराइटची वकिली: नवोदितांसाठी काही अनुभव

डिजिटल कॉपीराइट हे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कार्यालयांचे काम आहे, असा समज नाशिकच्या विधी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये अजूनही घट्ट आहे. माझ्याकडे उमेदवारीसाठी येणाऱ्यांना मी म्हणूनच सर्वांत आधी कॉपीराइट अधिनियम, 1957 चे कलम 62 उघडायला सांगतो. कॉपीराइटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयात दाखल करावा आणि वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही तो करता यावा, अशी सोय त्या कलमात आहे. मोठ्या कंपन्यांनी तिचा गैरफायदा घेऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये काही बंधने घातली, पण कॉलेज रोडवरच्या छायाचित्रकाराला त्यांची झळ लागत नाही. त्याचा दावा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातच चालू शकतो.

अभ्यासाची सुरुवात गाइडपासून न करता बेअर अॅक्टपासून, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरापासून, करावी आणि मालकाचे हक्क सांगणाऱ्या कलम 14 पेक्षा अपवाद सांगणाऱ्या कलम 52 ला अधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. परीक्षेच्या तयारीत हे कलम ‘न्याय्य वापर’ एवढ्या एका मथळ्याखाली उरकले जाते. वस्तुतः इंटरनेट ज्या तांत्रिक क्रियांवर चालते, त्यांना कायद्याचा आधार याच कलमात आहे. पान उघडताना संगणकात आपोआप तयार होणारी तात्पुरती प्रत, अभ्यासासाठी वा चाचणीसाठी प्रोग्रामची केलेली तपासणी, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन, अपंग व्यक्तींसाठी वाचनीय स्वरूपात केलेली प्रत, या सर्वांची तरतूद तिथे आहे. न्यायालयांचे निकाल पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभाही याच कलमातली आहे, आणि म्हणूनच इंडियन कानूनसारख्या संकेतस्थळावर आपल्याला निकाल फुकट वाचायला मिळतात. त्या मुभेची सीमा समजून घ्यायची असेल तर ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा 2007 चा निकाल मुळातून वाचावा. निकालाचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला, पण संपादकाने कौशल्याने आणि विवेकाने त्यात घातलेली भर त्याची स्वतःची, ही रेघ न्यायालयाने किती बारकाईने ओढली आहे हे त्यातून कळते.

प्रत्यक्ष कामात मात्र पहिला प्रश्न बहुधा मालकीचाच येतो, आणि इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. लग्नाची छायाचित्रे काढणारा व्यावसायिक आणि कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहून देणारा तरुण, असे दोघेही आमच्याकडे येतात. दोघेही स्वतंत्रपणे काम करणारे आणि दोघांनीही ठरलेले पैसे घेतलेले, तरी कलम 17 त्यांना उलट उत्तरे देते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आपल्याच कामाचे नमुने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकायला वधूपित्याने हरकत घेतली की छायाचित्रकार चकित होतो तो यामुळेच. संगणक प्रोग्राम कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती आहे आणि तिला हा नियम लागू नाही. लिहिणारा पगारी नोकर नसेल तर मालकी त्याच्याकडेच राहते. “साहेब, पैसे आम्ही मोजले, मग प्रोग्राम त्याचा कसा?” हा कारखानदाराचा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर कलम 19 मध्ये आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या करारात प्रदेशाचे हे एक वाक्य राहून जाणे किती महागात पडू शकते, हे सांगायला नको.

सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांमुळे आणखी एक विषय इथे वरचेवर निघतो. जुन्या यंत्राचे नियंत्रण सॉफ्टवेअर कुलूपबंद आहे, पुरवठादार माहिती देत नाही आणि नवा सेन्सर त्याला जोडायचा आहे, अशा वेळी ते सॉफ्टवेअर उलगडून पाहता येईल का? स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करण्याची परवानगी कलम 52 देते. डिजिटल कुलूप तोडण्याला 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, परंतु तिथे हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच दोष ठरतो आणि सवलतींची यादी दर तीन वर्षांनी नव्याने ठरवावी लागते. त्या तुलनेत आपली तरतूद नवनिर्मितीला अधिक मोकळीक देणारी आहे, असे मला वाटते. तिच्यातली एक अट मात्र वकीलही विसरतात. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची संपूर्ण नोंद ठेवायची असते. अंबडमधल्या दुरुस्ती करणाऱ्या अशिलाला मी साधी वही घालायला लावली आणि प्रत्येक नोंदीखाली ग्राहकाची सही घ्यायला सांगितली.

इंटरनेटवरील स्वातंत्र्य हा वेगळा विषय म्हणून शिकू नये, कारण मजकूर हटवण्याच्या प्रक्रियेत तो कॉपीराइटशी थेट भिडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66अ रद्द झाले हे सर्वांना पाठ असते. त्याच निकालाने असेही ठरवले की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मध्यस्थ कंपनीला, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्या मंचावर ठेवणाऱ्या कंपनीला, मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असे मानावे. पुढच्या वर्षी मायस्पेस या समाजमाध्यमाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कॉपीराइटपुरता वेगळा मार्ग धरला आणि हक्कधारकाने नेमकी कृती दाखवून दिली तर न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही, असे म्हटले. परिणामी, कोणाचे टीकात्मक बोलणे नकोसे झाले तर बदनामीपेक्षा कॉपीराइटची तक्रार सोपी ठरते. कॉपीराइट नियम, 2013 मधला नियम 75 इथे तोंडपाठ हवा. तक्रार मिळाल्यावर मजकूर 36 तासांत बंद करायचा, आणि 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो; तक्रारदाराने दावा दाखल करण्याची हमीही द्यायची असते. माझ्या अनुभवात ही हमी नसलेल्या नोटिसाच जास्त येतात, आणि उत्तराचा पहिला परिच्छेद त्यावरच लिहावा.

मोठ्या व्हिडिओ मंचांवर गाणे वा चित्र आपोआप ओळखून दावा लावणारी स्वयंचलित जुळणी ही याहून वेगळी गोष्ट आहे. विसर्जन मिरवणुकीचे चित्रीकरण टाकले आणि मागे वाजणाऱ्या गाण्यामुळे दावा आला, ही तक्रार दर गणेशोत्सवानंतर येते. धार्मिक समारंभात गाणे वाजवण्याला कलम 52 ची सूट आहे. ते चित्रीकरण नंतर स्वतःच्या चॅनलवर चढवण्याला ती आपोआप लागू होत नाही. अमेरिकी पद्धतीची प्रतिसूचना, म्हणजे मजकूर हटवण्याच्या तक्रारीला दिलेले औपचारिक उत्तर, भरायची तर तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो, ही ओळ अशिलाला मराठीत नीट समजावल्याशिवाय त्याची सही घेऊ नये.

दर 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या संपूर्ण कविता फिरवणाऱ्या आपल्या शहराला, जाता जाता, एवढे सांगितले पाहिजे की त्यांचे निधन 1999 चे असल्याने त्यांच्या लेखनावरील हक्क 2059 च्या अखेरपर्यंत आहेत.

उत्पन्नाचे म्हणाल तर सुरुवातीची वर्षे करार आणि नोटिसांवरच जातात. तीन लाख आणि त्यावरील मूल्याचे वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत येतात आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, त्यामुळे वाटाघाटीचे कसब लवकर कमवावे. वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) अकादमीचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहे. तो सनद मिळण्याआधीच करून टाकावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी बातम्या वापरण्यावरून एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर 2024 मध्ये दाखल केलेला दावा ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी त्याआधी मोडक आणि मायस्पेस हे दोन निकाल वाचून स्वतःच्या शब्दांत प्रत्येकी एक पान टिपण काढावे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ते मागतोच.