सहीच्या आदल्या संध्याकाळी

करारावर सहीला जायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मसुद्याची झेरॉक्स काढा, पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे रुपयांचा आकडा आहे तिथे गोल करा. मूळ प्रतीवर नको, वकील चिडतात. भाडं, अनामत, हप्ता यांचे गोल सोडून द्या, ते सगळेच वाचतात. आपलं काम आहे ते ‘इतक्यावर गेल्यास’, ‘इतक्यापर्यंत’, ‘किमान इतके’ अशा वाक्यांशी. मी गोव्यात, म्हापशात हिशेब लिहितो. शॅकवाले, गेस्ट हाऊसवाले, दोन-चार ट्रॉलरवाले अशी गिऱ्हाइकं. माझ्या टेबलावर येणाऱ्या भांडणांत आकडा दोघांनाही मान्य असतो. तो कशाचा आकडा, हे कुणी लिहिलेलं नसतं.

पहिला गोल बहुतेक ‘विक्री’ किंवा ‘उलाढाल’ या शब्दाजवळ पडेल. समजा मांद्र्याला घर तुमचं आहे आणि रेस्टॉरंट दुसरा चालवणार आहे. करारात लिहिलंय, ‘मासिक विक्री पाच लाखांपर्यंत 10 टक्के, त्यावर गेल्यास 12 टक्के.’ आता एका महिन्याच्या जेवणाच्या बिलांची बेरीज 5,04,000 आली. त्यातला 5 टक्के जीएसटी वगळा, विक्री उरते 4,80,000. मर्यादा ओलांडली की नाही? शिवाय दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट. मग बारची विक्री या पाच लाखांत धरायची का? घरपोच ॲपवरून आलेल्या ऑर्डरीत गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम धरायची की कमिशन कापून खात्यात पडलेली? रद्द झालेली बिलं, टिप, नोकरांचं जेवण, हेही एकेका ओळीत लिहून घ्या. ओळी वाढल्या तर वाढू देत.

इथे बरेचजण ‘जीएसटी रिटर्नप्रमाणे विक्री’ असं लिहून मोकळे होतात. चालवणाऱ्याचं त्याच नोंदणीवर पणजीत आणखी एक हॉटेल असेल, तर मासिक रिटर्नमध्ये दोन्हींची बेरीज एकत्रच दिसते. नोंदणीसाठी कायदा जी उलाढाल मोजतो ती तर एका पॅनवरची देशभरातली, दारूसकट आणि कर वगळून. कायद्याला त्याच्या कामासाठी ती ठीक आहे. तुमच्या भाड्याला तुमच्याच जागेचं बिलिंग मशीन लागतं.

त्याच वाक्यात दुसरी खोच आहे. 12 टक्के सगळ्या विक्रीवर की फक्त वरच्या भागावर? विक्री 5,01,000 झाली असं धरा. फक्त वरच्या हजारावर 12 टक्के लावले तर भाडं 50,120. सगळ्यावर लावले तर 60,120. म्हणजे शेवटच्या हजाराच्या विक्रीपायी भाडं दहा हजार एकशे वीसने चढलं. असा करार असला की महिनाअखेरीस मशीन हटकून बिघडतं, हे मी पाहिलेलं आहे. ‘पाच लाखांवरील रकमेवरच’ एवढे तीन शब्द घालून घ्या आणि खाली एक सोडवलेलं उदाहरण छापायला सांगा. वकिलाला ते शाळकरी वाटेल. वाटू दे.

नेमक्या आकड्यावर काय होतं, तेही बघा. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा त्याहून जास्त’ यांत एका रुपयाचा फरक असतो आणि आयकर कायदा दोन्ही वापरतो. हातउसने म्हणून रोख घेताना मर्यादा वीस हजार ‘किंवा त्याहून अधिक’ अशी आहे, म्हणून बरोब्बर वीस हजार रोख घेतलेत तरी चुकलात. धंद्याचा खर्च रोखीत देताना मात्र अडचण दिवसाला एकाच माणसाला दहा हजारां‘पेक्षा जास्त’ दिलेत तर, म्हणजे बरोब्बर दहा हजार चालतात. आपल्या बोलीतलं ‘पर्यंत’ सोयीप्रमाणे इकडे-तिकडे झुकतं. करारात ‘5,00,000 धरून’ किंवा ‘5,00,000 वगळून’ असं स्पष्ट लिहा.

भागीदारीचा करार असेल तर तुकड्यांचा बंदोबस्त करा. एका गेस्ट हाऊसच्या दोन भागीदारांत अट होती, पन्नास हजारांवरच्या खर्चाला दोघांची संमती. एकाने एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात, दोन-दोन एसींची तीन बिलं केली. प्रत्येक बिल पन्नासच्या आत. अट मोडली का? अक्षराने नाही. मसुदा मीच वाचून दिला होता आणि मलाही ते सुचलं नव्हतं. रोख रक्कम स्वीकारण्यावर दोन लाखांची जी मर्यादा आहे, तिच्यात कायद्याने तीन जाळी लावली आहेत: एका माणसाकडून एका दिवसात, एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी. तीच रीत उचला. ‘एकाच कामासाठी तीस दिवसांत केलेले सर्व खर्च एक खर्च समजावा’ एवढं वाक्य पुरतं.

मोजायचा काळ कोणता, हे गोव्यात तरी विसरून चालत नाही. ‘खात्यात दर महिन्याला किमान इतका भरणा’ ही अट कर्जाच्या मंजुरीपत्रात सर्रास असते. ट्रॉलरवर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. त्या दोन महिन्यांत भरणा कुठून येणार? किनाऱ्यावरच्या शॅकचं पावसाळ्यात तेच. सरासरी वर्षाची धरा, किंवा बंदीचे महिने नाव घेऊन वगळा. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली-सांग्यात खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू. सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशाने धंदा बंद राहिला तर किमान भरणा लागू नाही, असं एक कलम मागून बघा. मिळेलच असं नाही.

कर्जाच्या कागदात चार रकमा वेगळ्या रंगात रंगवा: मंजूर झालेली, प्रत्यक्ष उचललेली, येणे बाकी आणि थकबाकी. येणे बाकी म्हणजे एकूण फेडायचं राहिलेलं, थकबाकी म्हणजे तारीख उलटून गेलेलं. ‘बाकी 50,000 वर गेल्यास सर्व कर्ज एकदम मागता येईल’ या वाक्यातली बाकी कोणती? येणे बाकी धरली तर पहिल्याच दिवशी कर्ज मागता येईल. थकबाकीत दंडाची रक्कम धरतात का, तेही विचारा. बँका दंड व्याजदरात मिसळायच्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांत तो वेगळा आकारावा लागतो आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही. व्यक्तीचं किरकोळ कर्ज किंवा लघुउद्योगाचं मुदत कर्ज असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि शुल्कं एकत्र दाखवणारा कागद, मागा. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि मेव्हण्याला जामीन राहताय? ‘पाच लाखांपर्यंत’ म्हणजे मुद्दल पाच लाख की व्याज-खर्चासकट पाच लाख, हे लिहून घेतल्याशिवाय जेवायलासुद्धा थांबू नका.

परदेशी पाहुण्यांचं बुकिंग करणाऱ्या कंपनीशी करार असला तर चलन शब्दांत लिहा. घरच्या पेटीत पोर्तुगीज अमलातला, 1960 चा एक कागद आहे, त्यावर 1.250$00 असं आहे. ते डॉलर नव्हेत, बाराशे पन्नास एस्कुदो, म्हणजे पोर्तुगीज चलन. आधीच्याच वर्षी इथे रुपिया जाऊन एस्कुदो आला होता, एका रुपियाला सहा. पौंड-डॉलरची मर्यादा रुपयांत कोणत्या दिवशीच्या, कुणी जाहीर केलेल्या दराने बदलायची आणि त्या दिवशी सुट्टी असेल तर कोणता दर, हे नोंदवा. लाख आणि मिलियन एकाच करारात मिसळू देऊ नका. प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन, असेल तर अक्षरी रक्कम दोनदा वाचा. चेक आणि प्रॉमिसरी नोटेवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही, तर 1881 च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात.

मोजणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कागदावरून, आणि दुसऱ्याला हरकत घ्यायला किती दिवस, यावर एक कलम हवं. पंधरा दिवस मला पुरेसे वाटतात. पावसात वीज गेली तरी.

आता गेल्या वर्षीची वही काढा. प्रत्येक गोलासाठी तीन आकडे लावून बघा: मर्यादेच्या एक रुपया खाली, नेमका मर्यादेवर, एक रुपया वर. समोरच्यालाही तेच करायला सांगा आणि उत्तरं फोनवर ताडून घ्या. न जुळलेल्या जागी समासात प्रश्नचिन्ह करा, ती पानं दुमडा. सकाळी दुमडलेल्या पानांपासून सुरुवात करायची. घर तारण जाणार असेल तर नवरा-बायको दोघांनी जा. इथल्या कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची असते, एकाच्या सहीवर काम अडतं. हाताने दुरुस्ती केलीत तर तिच्याशेजारी सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि आपली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका.