पहिल्या महिन्याचा स्वयंपाक: नव्याने आलेल्या शाकाहारी आणि व्हीगन मंडळींसाठी

परदेशात आल्यावर पहिले काही आठवडे मी बहुतेक ब्रेडवर काढले. स्वयंपाक येत होता, पण ओळखीचे मसाले हाताशी नसताना काय रांधायचं ते सुचत नव्हतं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, घरच्या चवीचा शोध महिनाभर पुढे ढकला. कोरडा पास्ता, अख्खा मसूर, तांदूळ, डबाबंद छोले, कांदे, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल आणून ठेवा. एवढ्यात रोज गरम जेवण होतं.

आधी शेगडी ओळखा. साधी विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे भांडं उचलून बाजूला ठेवायची सवय लागेपर्यंत लसूण करपतो. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटणारीच भांडी चालतात. आणि घरात धुराचा अलार्म असेल तर तेल धूर येईपर्यंत तापवू नका.

पहिला पदार्थ इटलीचा, अल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि तेल. दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लिटर पाणी, 20 ग्रॅम मीठ. मीठ जास्त वाटेल, पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर ओतूनच जातं. चार पाकळ्या लसणाचे पातळ काप गार तेलात घालून मग आच लावा, अगदी मंद. लसूण सोनेरी झाला की लाल मिरचीचे तुकडे टाका. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता काढून या तेलात घाला आणि उकळीचं पाणी कपभर राखून ठेवा. सगळी गंमत त्या पाण्यात आहे. त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं आणि पास्त्याला चकचकीत लेप बसतो. तेव्हा ते पाणी थोडं थोडं घालत हलवत राहा. वरून चीजऐवजी तेलात खरपूस परतलेला ब्रेडचा चुरा घाला, दक्षिण इटलीत तसा घालतातच. अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं, त्यामुळे ते शाकाहारीही नाही. कोरडा पास्ता बहुधा फक्त गव्हाचा रवा आणि पाणी, ताज्यात मात्र अनेकदा अंडं असतं.

दुसरा पदार्थ अरबी घरांतला मुजद्दरा. माझा सर्वात लाडका. तीन कांदे उभे चिरून भरपूर तेलात परता, पंचवीस मिनिटं तरी. गडद तपकिरी व्हायलाच हवेत, घाई केलीत तर पदार्थ फिका होतो. वाटीभर मसूर पंधरा मिनिटं उकळून निथळा. त्यात वाटीभर धुतलेले तांदूळ, जिरेपूड, मीठ, कांद्याचं तेल आणि दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. दहा मिनिटं मुरू द्या, मग वर कांदा. उरलेलं तास-दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं. शिजलेल्या भातात बाहेर जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

भाज्यांसाठी ओव्हन वापरा. फ्लॉवर, गाजर, भोपळा, काहीही, तेल-मीठ चोळून 220 अंश सेल्सियसवर अर्धा तास. तुकडे एका थरातच पसरा, गर्दी झाली की भाजण्याऐवजी वाफवले जातात. सोबत ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबू आणि पाणी फेटून घ्या. आधी ते घट्ट होऊन फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, आणखी थोडं पाणी घातलं की मऊ होतं.

कोरडा राजमा मात्र स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. नाहीतर त्यातला विषारी घटक तसाच राहतो. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो.

बाहेरच्या पदार्थांची लेबलं वाचाच. थाई करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते आणि जपानी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचं पाणी अनेकदा सुकवलेल्या माशांचं. पूर्ण व्हीगन असाल तर बी-12 ची गोळी पहिल्या महिन्यापासूनच सुरू करा, मात्रा डॉक्टरांना विचारून.