सागवानी जमिनीवरचा पीयू सुटत होता, तो असा सुधारला

गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर अजून सागवानी फळ्यांचीच जमीन आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या पारदर्शक पॉलिशचा, नवा कोट मारून घेतला. पावसाळा यायच्या आत खुर्च्यांखाली पापुद्रे सुटायला लागले आणि खिडकीपाशी मसुराएवढे खळगे दिसले. पॉलिशवाल्याचं म्हणणं, "दमट हवा, साहेब." मुंबईत या सबबीवर काहीही खपतं!

आधी खात्री केली. ब्लेडने कोटावर बारीक जाळी कापली, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. चौकोन अख्खे निघून आले, खालचा जुना थर मात्र चकचकीत. म्हणजे घासलंच नव्हतं. त्या थरावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला पांढरा फडका फिरवला, तर पिवळट, बुळबुळीत मळ आला. जुनं मेण. खळगेही त्यामुळेच, मेणावर पीयू पसरत नाही, मागे सरतो.

सुटलेला कोट खरवडून काढला. मग टर्पेंटाइनने मेण पुसलं, फडका सारखा बदलत, नाहीतर तेच मेण पुन्हा पसरतं. घासायचं त्यानंतरच; आधी घासलं तर मेण लाकडाच्या रेषांत दाबलं जातं. १२० नंबरचा पेपर, मग २२०, रेषेच्या दिशेने, चमक पूर्ण जाईपर्यंत.

दमट हवेचं अगदीच खोटं नाही म्हणा. दोन भाग मिसळून लावायच्या पीयूतल्या हार्डनरला, म्हणजे कोट कडक करणाऱ्या भागाला, ओल लागली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि कोटात बुडबुडे अडकतात. म्हणून नवे कोट पाऊस सरल्यावर मारले, पातळ हाताने.