कोर्टवर रंग मारण्याआधी टँकर मागवा: या चुका टाळा

रंगाचा डबा फोडण्याआधी पाण्याचा टँकर मागवा. हसू नका. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतलं बास्केटबॉल कोर्ट एका मे महिन्यात नव्यानं झालं. निळा-हिरवा रंग, पांढऱ्या रेघा, फ्लेक्स, नारळ, सगळं यथासांग. जून लागला आणि एका कोपऱ्यात जे पाणी साठलं ते नवरात्रापर्यंत हललं नाही. तिथं आधी शेवाळ, मग फुगे, मग पोपडे. दिवाळीच्या सुट्टीत पोरं उरलेल्या अर्ध्या कोर्टवर खेळत होती आणि शिव्या बसत होत्या रंगवाल्याला. त्याची चूक नव्हती. घोळ खालच्या कोब्यात होता.

म्हणून टँकर. रंगाच्या आधी सगळं कोर्ट भिजवायचं, उन्हात तासभर थांबायचं आणि जिथं पाणी दिसेल तिथं रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं बुडालं की समजा दीडेक मिलिमीटर पाणी उभं आहे. तिथं खडूनं गोल करा, मिस्त्रीकडून भरून घ्या आणि पुन्हा पाणी सोडा. ठेकेदार कुरकुर करतो, करू द्या. शेवटचं बिल निघण्याआधीच ही तपासणी होते, नंतर तो फोन उचलत नाही.

ढाळ किती? शंभराला एक. कोर्ट 28 बाय 15 मीटरचं असतं, म्हणजे रुंदीत ढाळ दिला तर एका कडेपासून दुसरीपर्यंत 15 सेंटिमीटरचा फरक. खेळताना जाणवत नाही, पाणी मात्र निघून जातं. लांबीत दिला तर तोच फरक 28 सेंटिमीटर होतो आणि एक संघ चढावर खेळतो. मधे उंच आणि दोन्हीकडं उतार हा रस्त्याचा प्रकार कोर्टवर नको, एकाच बाजूला ढाळ द्या. आणि त्या बाजूला गटर आहे ना, ते आधी बघा. पाणी शेजारच्याच्या भिंतीत सोडलं की भांडण ठरलेलं.

जुना कोबा फोडायचा खर्च वाचवायला वरून चार इंच काँक्रीट ओतायचं, ही आणखी एक आवडती युक्ती. एके ठिकाणी असंच केलं, खांब होते तसेच ठेवले. आठवड्याभरात नववीतल्या एका पोराचा हात रिंगला लागला, कट्ट्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकांना शंका आली, त्यांनी टेप लावला. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर हवी, भरली 2.95. पोरगा वाढला नव्हता, जमीन वर आली होती! व्हॉलीबॉलच्या खांबांचंही तेच होतं. पुरुषांची जाळी 2.43 मीटरवर, महिलांची 2.24 वर, वेल्डिंग करून पक्के केलेले हूक मग दोन्हीला चुकतात. नवा थर द्यायचाच असेल तर खांबांचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरा.

भेगांचं कारण बहुतेक वेळा मातीत असतं. नदीकडच्या सखल भागात काळी माती निघते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब तिच्याबरोबर हलतो. ती काढून मुरूम भरून थराथरानं रोलर फिरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. स्लॅब झाला की दुसऱ्या दिवसाच्या आत कटरनं जॉइंट, म्हणजे सरळ खाचा पाडा, जाडीच्या पाव भाग खोल. नाही पाडले तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीनं वाट काढतं. पडलेल्या भेगेत सिमेंटचं पाणी ओतणं म्हणजे निव्वळ समाधान. भेग रुंद करून, झाडून, त्यात लवचीक सीलंट भरा. जमीन हलत असेल तर तीही पुन्हा उघडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्या काँक्रीटला 28 दिवस द्या. ओली पोती टाका, पण क्युरिंगचं, म्हणजे ओल टिकवायचं केमिकल फवारू देऊ नका, त्यावर कोर्टचा ॲक्रिलिक रंग धरत नाही. रंगाच्या आदल्या रात्री हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून चिकटवा. सकाळी खाली थेंब दिसले तर अजून थांबा. आणि ऑइलपेंट नकोच. बारीक सिलिका वाळू घातलेलं ॲक्रिलिक कोर्टवर पाय धरतं, ऑइलपेंटवर पहिल्या सरीला कुणाचा तरी गुडघा फुटतो.

आता स्केट पार्क. आपल्याकडं स्केटिंग म्हणजे चाकांचे बूट आणि संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावरच्या चकरा, एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. स्केटबोर्ड टोकियो ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून पोरं त्याचीही जागा मागायला लागली. मागितलं की आपण काय देतो? पेव्हिंग ब्लॉक. बोर्डचं चाक पन्नासेक मिलिमीटरचं, हरभऱ्याएवढा खडा आडवा आला तरी बोर्ड जागीच थांबतो आणि पोरगं पुढं जातं. ब्लॉकच्या प्रत्येक सांध्यावर दात वाजतात ते वेगळंच.

इथं गंमत अशी की कोर्टला आणि स्केट पार्कला नेमकं उलटं फिनिश लागतं. कोर्टचा कोबा थोडा खरखरीत, हलका खराटा फिरवलेला, म्हणजे रंग धरतो. स्केट पार्कला मात्र लोखंडी थापीनं किंवा पॉवर ट्रॉवेलनं गुळगुळीत केलेलं. मिस्त्री एकच असला तर दोन्हीकडं सवयीचा हात फिरवून मोकळा होतो, तेव्हा कामाच्या दिवशी उभं राहावं लागतं. रॅम्पचा बाक डोळ्याच्या अंदाजानं काढायचा नाही, प्लायवूडचा फर्मा कापून घ्यायचा. विटांवर गिलावा करून बनवलेला रॅम्प तर वर्षभरात टकटक केला की पोकळ वाजतो. आणि चेंबरचं झाकण उताराच्या पायथ्याशी येणार नाही, एवढं नकाशातच बघा.

कोल्हापुरात सपाट जागा दिसली की फुटबॉल येणारच. त्याला पाटी लावून उपयोग नाही. जाळीचं कुंपण तीन मीटर घ्या, दिव्यांच्या खांबांचं काम मजबूत करा. पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 ला कुठवर आलं होतं ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, विजेची पेटी त्याच्या वर बसवा. पुराचा गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा, वाळला की खरवडताना रंगही निघतो. पेठेतल्या कुणाला हे समजवायचं तर मी तालमीचं उदाहरण देतो: हौद्यातली माती रोज खणून, ताक-हळद-तेल घालून राखतात, कोर्टला महिन्यातून एकदा पाणी आणि खराटा तरी द्या.

राहिला गणपती. मंडप येणार, वासे रोवायला पहारीनं भोकं पडणार, त्यातून पाणी स्लॅबखाली जाणार. बंदी घालून कुणी ऐकत नाही. आम्ही नंतर रेघेबाहेरच्या मोकळ्या दोन मीटरच्या पलीकडं, कडेला जाड लोखंडी पाइपाचे तुकडे काँक्रीटमध्येच गाडून घेतले, वर झाकण. मंडपवाला खूश, त्याचं काम अर्ध्या वेळात झालं. महाप्रसादाचं चुलवण मात्र पहिल्या वर्षी थेट थ्री-पॉइंटच्या रेघेवर पेटलं. तो काळा गोल अजून आहे, पोरं तिथूनच नेम धरतात.