अज्ञात वाहनाने उडवलं? भरपाईचा हक्क घालवणाऱ्या या चुका टाळा

पोलिसांच्या कागदावर ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ असं लिहिलं गेलं की बहुतेक घरांत पुढचं सगळं थांबतं. गाडीच सापडली नाही, मग मागायचं कुणाकडे? लोक हात टेकतात आणि हक्काचे पैसे तसेच राहून जातात. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले आकडे पाहा: 2022 या वर्षात देशात अज्ञात वाहनांनी केलेले 67,387 अपघात नोंदले गेले, आणि 2022-23 मध्ये सरकारी भरपाईसाठी अर्ज आले फक्त 205. त्यातले 95 निकाली निघाले. बाकीच्या घरांना असा अर्ज करता येतो हे कुणी सांगितलंच नसावं, असं मला वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘पोलीस केस झाली आहे’ असं गृहीत धरणं

जखमीला दवाखान्यात नेलं, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) झाली, हवालदारांनी जबाब लिहून घेतला. घरच्यांना वाटतं, झाली केस. पण माणूस दगावला असेल तर पुष्कळदा त्या घडीला फक्त अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असते, गुन्हा दाखल झालेला नसतो. अपघात एका तालुक्यात आणि उपचार दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर कागद शून्य क्रमांकाने, म्हणजे स्वतःचा गुन्हा क्रमांक न देता, अपघाताच्या हद्दीतल्या ठाण्याकडे जायचे असतात आणि ते मध्येच रेंगाळतात. तेरावा होईपर्यंत कुणी चौकशीला जात नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी घरातल्या एखाद्याने, भाऊ, मेहुणा, शेजारी कुणीही, दोन-तीन दिवसांत ठाण्यात जाऊन गुन्ह्याचा रजिस्टर नंबर आणि कलमं विचारून घ्यावीत. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

‘नंबर दिसला नाही’ म्हणून काहीच न सांगणं

2025 च्या ऑगस्टमध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एका दुचाकीवरची महिला गेली. तिच्या नवऱ्याला नंबर सांगता आला नव्हता, ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण संगणकीय प्रणालीतून तपासलं आणि तेवढ्या धाग्यावरून 36 तासांत ट्रक शोधला. म्हणून रंग, टपावरची दोरी, मागे लिहिलेला एखादा शब्द, हॉर्नचा आवाज, गाडी कुठल्या दिशेने गेली, हे सगळं जबाबात लिहून घ्यायला सांगा.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यावर नवीन चित्रण चढतं. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप, ढाबे, दुकानं, सोसायटीची फाटकं, टोलनाका यांची यादी करा आणि ‘हे चित्रण जतन करावं’ असा अर्ज ठाण्यात द्या. पोच घ्यायला विसरू नका. जागेवर आरशाचे तुकडे, दिव्याची काच, बंपरचा भाग पडलेला असेल तर उचलू नका. फोटो काढा आणि पंचनाम्यात त्याची नोंद होईल हे बघा.

खोटी गाडी दाखवणं

ही सगळ्यांत घातक चूक आहे. कुणीतरी येऊन सांगतं, अज्ञात वाहनाचे दोन लाखच मिळतात, त्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्याची विमा असलेली गाडी ‘दाखवू’, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोठी रक्कम मिळेल. दुःखात बुडालेलं, कर्ज अंगावर असलेलं घर या बोलण्याला बळी पडतं. विमा कंपन्यांचे तपासनीस नेमक्या याच प्रकारावर नजर ठेवून असतात. पहिल्या जबाबात ‘अज्ञात वाहन’ आणि महिन्याभराने अचानक नंबर, दवाखान्याच्या कागदावर वेगळीच हकिकत, त्या गाडीवर धडकेची खूणच नाही. दावा तर फेटाळला जातोच, शिवाय फसवणुकीचा गुन्हा विधवा बाईवर किंवा म्हाताऱ्या वडिलांवर येतो. खरोखर उशिरा गाडी सापडली तर ती कशी सापडली, कुणी पाहिली, कुठल्या चित्रणात दिसली, हे पोलिसांच्या तपासातूनच पुढे आलं पाहिजे.

‘फाइल बंद झाली’ म्हणून अर्जच न करणं

गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात पाठवतात. आपल्याकडे त्याला ‘अ समरी’ म्हणतात. घरच्यांना वाटतं, आता सगळं संपलं. उलट वाहनाचा शोध लागला नाही याचा तो लेखी पुरावा आहे, आणि नेमक्या याच परिस्थितीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 ची भरपाई आहे: मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये, गंभीर दुखापत असल्यास 50 हजार. 1 एप्रिल 2022 पासून हे दर आहेत. त्याआधी ते 25 हजार आणि साडेबारा हजार होते.

अ समरीची वाट बघत बसायचीही गरज नाही. 12 जानेवारी 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अपघाताची नोंद झाल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाणे अंमलदाराने जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची, अर्ज ज्यांच्याकडे करायचा त्या अधिकाऱ्याचा संपर्कही द्यायचा. महिना उलटला आणि पत्र आलं नाही, तर ठाण्यात जाऊन त्या निकालाचा हवाला द्या आणि पत्र मागा.

अर्ज वकिलामार्फत न्यायालयात करायचा नसतो. तो महसूल खात्याकडे जातो. तिथे प्रांत किंवा तहसीलदार हेच या योजनेचे दावा चौकशी अधिकारी असतात. नमुना 1 मध्ये अर्ज, नमुना 4 मध्ये हमीपत्र, सोबत ओळखपत्रं, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, एफआयआर आणि शवविच्छेदनाचा किंवा जखमांचा अहवाल. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी 15 दिवसांत मंजुरी आणि त्यानंतर 15 दिवसांत पैसे खात्यात, असं योजनेचं वेळापत्रक आहे. ते आपोआप पाळलं जात नाही. आवक क्रमांक जपून ठेवा आणि दर पंधरवड्याला लेखी स्मरणपत्र द्या.

हे पैसे घेतले तर पुढचा दावा बुडेल, ही भीती मी कितीतरी घरांत ऐकली आहे. तसं नाही. उद्या गाडी सापडली तर न्यायाधिकरणात दावा करता येतो. तिथे भरपाई मंजूर झाली की आधी मिळालेली रक्कम परत करावी लागते. नमुना 4 चं हमीपत्र त्यासाठीच असतं.

घरातल्या कपाटातली पॉलिसी न उघडणं

मला सगळ्यांत जास्त हळहळ इथे वाटते. गेलेला माणूस स्वतःच्याच नावावरची दुचाकी किंवा कार चालवत होता का? मग त्याच्या पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते आजच बघा. 15 लाखांचा हा विमा बंधनकारक आहे आणि त्यात समोरचं वाहन सापडलं की नाही हा प्रश्नच येत नाही. वाहन त्याच्या नावावर हवं, वैध परवाना हवा आणि तो भाग त्या दिवशी चालू हवा. नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा 5 वर्षांचा असतो, पण वैयक्तिक अपघाताचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो, तेवढं नीट तपासा.

याशिवाय बँक पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला 2 लाख. त्याचा दावा शक्यतो 30 दिवसांत बँकेत द्या. माणूस शेतकरी होता तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा.

मागे बसलेली व्यक्ती किंवा रिक्षातला प्रवासी जखमी झाला असेल तर आणखी एक वाट आहे. तो ज्या वाहनात होता त्याच्या चालकाचीही काही चूक असेल, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे पूर्ण भरपाई मागता येते. चूक दोन वाहनांची असली तरी एकाकडून सगळी वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे.

दवाखान्यातले कागद न वाचणं

मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात, गाडी अज्ञात असली तरी. दाखल होतानाच विचारा. आणि दुखापतीच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचा. पहिल्या तपासणीत ‘साधी दुखापत’ लिहिली जाते, दोन दिवसांनी एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसतं, पण दाखला तसाच राहतो. मोडलेलं हाड ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. दाखला दुरुस्त झाला नाही तर 50 हजार हातचे जातात.

गाडी सापडली तर

मग दिवस मोजायला लागा. 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून 6 महिन्यांत अर्ज करण्याची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि केवळ उशिरामुळे अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये आला. पण त्याच्या भरवशावर थांबू नका. दावा अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता त्या ठिकाणीही करता येतो, रोज शंभर किलोमीटर जायची गरज नाही.

पळून गेलेल्या चालकाला 10 वर्षांची शिक्षा होणार असं सगळे सांगतात. ते भारतीय न्याय संहितेतलं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातलं) कलम 106(2) 1 जुलै 2024 ला बाकीच्या कायद्यासोबत लागू केलेलं नाही. भरपाईचा आणि त्या शिक्षेचा तसाही संबंध नाही, तेव्हा फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांना वकील मोफत मिळतो. जाताना एफआयआरची प्रत आणि ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच सोबत न्या.