लग्नावरून ग्रीन कार्ड: पत्रिका जुळली, आता कागद जुळवा

आमचं लग्न साताऱ्यात झालं तेव्हा नवऱ्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली होती आणि मी पुण्यात नोकरी करत होते. अक्षता पडल्या, सत्यनारायण झाला, जागरण-गोंधळ झाला आणि आठवडाभरात तो न्यू जर्सीला परत गेला. पुढचं दीडेक वर्ष आमचा संसार एका निळ्या फायलीत होता. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. फॉर्म अवघड नसतात, अवघड असतात ते आपले कागद. मुलीच्या नावापुढे आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं नाव लागतं, बारशाला एक नाव ठेवतात आणि सासरी दुसरं, हे तिकडच्या अधिकाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याला दोन कागदांवर दोन नावं दिसतात, म्हणजे दोन बायका.

म्हणून हे मार्गदर्शन फॉर्मपासून नाही, कागदांपासून सुरू करते.

पहिलं काम: आपली वाट कोणती ते ओळखा

दोन प्रश्न विचारा. अमेरिकेतला जोडीदार नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक? आणि दुसरा जोडीदार आत्ता कुठे आहे, भारतात की अमेरिकेत?

नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक कोटा नसतो. वेळ लागतो तो फक्त कागद हलायला. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार 'एफ-२-ए' या रांगेत येतो आणि ती रांग किती सरकली, हे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावं लागतं. मध्येच ग्रीन कार्डधारक नागरिक झाला तर लगेच कळवा, रांग सुटते.

दुसरा जोडीदार भारतात असेल तर प्रकरण तीन टेबलांवरून जातं: आधी यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, मग नॅशनल व्हिसा सेंटर म्हणजे एनव्हीसी, आणि शेवटी मुंबईचा कॉन्सुलेट. तो एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेतच असेल, तर बहुतेकांना तिथल्या तिथे आय-४८५, म्हणजे अमेरिकेतूनच करायचा ग्रीन कार्डचा अर्ज, भरता येतो. त्याबद्दल पुढे सांगते.

व्हिसाची मुदत उलटून राहणं, आधीचा घटस्फोट नीट न झालेला असणं, कुठे पोलीस केस असणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. एजंटाकडे नव्हे.

दुसरं काम: नावांचा तक्ता

एक कोरा कागद घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं लिहा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आधार, विवाह नोंदणी प्रमाणपत्र. वरती माणसं: तुम्ही, आई, वडील. आता प्रत्येक चौकटीत त्या कागदावर जसं आहे तसंच नाव उतरवा, एका वेलांटीचाही फरक न करता.

माझ्या तक्त्यात आईच्या रांगेत दोन नावं निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माझा जन्म कराडला. दवाखान्यात नाव सांगायला गेले आजोबा आणि त्यांनी लेकीचं नाव सांगितलं कुसुम. सासरी तिला कुसुम म्हणणारं कोणी नव्हतंच, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव होतं वैशाली. माझ्या पासपोर्टवर आई वैशाली आणि जन्मदाखल्यावर कुसुम. शिवाय त्या दाखल्यावर माझं स्वतःचं नावच नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याच्या आधी, आणि पुढे नाव घालायला कोणी गेलंच नाही. ही गोष्ट आपल्याकडे इतक्या घरांत सापडते की तुमचा दाखला आजच काढून बघा.

नाव नसलेल्या दाखल्यात ते घालून घेता येतं. नोंदीला पंधरा वर्षं झाली नसतील तर काम सोपं असतं. त्यानंतरचं नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, कारण ही मुदत सरकार अधूनमधून वाढवत आलं आहे. मला एका नगरपालिकेत चार खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला रजिस्टर सापडलं, चौथ्या खेपेला सही करणारे साहेब. दाखला मिळतच नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असं पत्र घ्या आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला व तुमचा जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या दोन थोरल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. त्यात नातं, जन्मतारीख, गाव आणि आईवडिलांची नावं स्पष्ट असावीत.

आईच्या दोन नावांसाठी तिने स्वतः प्रतिज्ञापत्र केलं: माहेरचं हे आणि सासरचं हे, दोन्ही मीच. नोटरीपुढे सही करताना ती म्हणाली, "चाळीस वर्षांनी कुणीतरी कुसुम म्हणून सही मागतंय."

आणि नवरीने पासपोर्टवरचं नाव बदलावं का? माझं मत: प्रकरण चालू असताना नको. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र एवढी जोडी पुरते. मध्येच नाव बदललं की तक्त्यात आणखी एक रांग वाढते. फॉर्ममध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, त्यात सासरचं, माहेरचं, सगळं लिहा.

तिसरं काम: लग्नाची तारीख एकच ठेवा

महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्याने महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. फॉर्ममध्ये बरेचजण नोंदणीची तारीख टाकतात, आणि तिथे चूक होते. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाला त्या दिवशी लग्न झालं, नोंदणी नंतरची. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं असेल तर मात्र विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या तीच तारीख. त्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागते, म्हणून सुट्टी काढून येणाऱ्याने आधी हिशेब करावा.

काही जोडपी आधी अमेरिकेत कोर्टात लग्न करतात आणि मग आईच्या समाधानासाठी पुण्यात कार्यालय घेतात. तेव्हा कायदेशीर तारीख कोर्टाची. पुण्याचा सोहळा लपवू नका, पण त्याला दुसरं लग्नही म्हणू नका.

मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतरकाराची सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं निवेदन. करून आणलेलं भाषांतर डोळ्यांखालून घाला. आमच्या लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.' चं भाषांतरकाराने इंग्रजी आद्याक्षरं करून टाकली होती. म्हणजे माझं नाव क्रिकेट संघासारखं सी. एस. के. अमुक.

चौथं काम: आय-१३० आणि लग्न खरं असल्याचा पुरावा

आय-१३० हा लग्नाच्या नात्यावरून जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज अमेरिकेतला जोडीदार भरतो, सोबत दुसऱ्याची माहिती देणारा आय-१३०ए. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरला तर फी ६२५ डॉलर, कागदावर ६७५. ऑनलाइनच भरा. फी आणि फॉर्मची आवृत्ती बदलत राहते, भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर पाहून घ्या. या अर्जात नाव आणि पत्ता मातृभाषेच्या लिपीत लिहायची जागा आहे. अख्ख्या प्रकरणात देवनागरी चालते अशा मोजक्या जागांपैकी ती एक, तेव्हा शुद्ध लिहा.

आता पुरावा. दाखवून-पाहून झालेल्या लग्नाला इथे धास्ती वाटते: तीन भेटींत ठरलं, हे कोणाला खरं वाटेल? ठरवून केलेल्या लग्नाला अमेरिकेची हरकत नाही. हरकत आहे ती फक्त कागदासाठी केलेल्या लग्नाला. तेव्हा कांदेपोहे लपवून 'कॉलेजपासून ओळख' असली कथा रचू नका. जे घडलं ते क्रमाने मांडा: विवाहसंस्थेच्या साइटवरचा पहिला निरोप, बायोडेटा पाठवल्याचा ईमेल, साखरपुड्याचे फोटो, त्याची विमानाची तिकिटं, कार्यालयाची पावती, पत्रिका. लग्नानंतरचं वजन जास्त असतं: रोजच्या कॉलची यादी, एकमेकांच्या घरी राहिलेले दिवस, एकत्र प्रवास, विम्यात नाव, पाठवलेले पैसे.

फोटोग्राफरने दिलेले सहाशे फोटो पाठवू नका. वीस निवडा. अंतरपाटाचा एक, सप्तपदीचा एक, दोन्हीकडची घरची मंडळी दिसतील असे दोन-तीन, बाकी लग्नाआधीचे आणि नंतरचे साधे फोटो. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते. माझा आवडता होता तो सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला, मी पोळी जाळली आहे आणि मागे सगळे हसताहेत.

पाचवं काम: पैशांची हमी

आय-१३० मंजूर झाला की प्रकरण एनव्हीसीकडे जातं. मुंबईच्या प्रकरणाचा क्रमांक 'बीएमबी' या अक्षरांनी सुरू होतो, बॉम्बेची आठवण. इथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फी, अमेरिकेतल्या जोडीदाराने भरायचा आय-८६४ आणि भारतातल्याने भरायचा डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज.

आय-८६४ म्हणजे हमीपत्र. अमेरिकेतल्या जोडीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या कोष्टकाच्या १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या कोष्टकात दोघांच्या घरासाठी हा आकडा २६,४३७ डॉलर होता. यात मराठी घरं हमखास चुकतात. नवऱ्याने आधी आईबाबांना ग्रीन कार्ड केलं असेल आणि ती हमी अजून चालू असेल, तर तेही मोजणीत येतात. मग घर चौघांचं आणि आकडा ४०,१८७. उत्पन्न कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. त्याला विचारताना हे स्पष्ट सांगा की ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. ती संपते तुम्ही नागरिक झालात, तुमच्या खाती चाळीस तिमाहींचं काम जमलं, देश कायमचा सोडलात, किंवा दोघांतलं कोणी वारलं तर.

डीएस-२६० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. हॉस्टेल, कॉट बेसिसवरची खोली, सगळं. सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, या प्रश्नाला तिथेच 'हो' म्हणा, नंतरची एक रांग वाचते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या. दुबईत किंवा दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही लागेल.

मुंबई

कागद पूर्ण ठरले की मुलाखतीची तारीख येते, जागा बीकेसी. त्याआधी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी: छातीचा एक्स-रे, रक्त, लसी. लहानपणीचं लसीचं कार्ड शोधून न्या. हातात बंद पाकीट मिळालं तर ते फोडू नका.

मुलाखतीला सहसा भारतातला जोडीदार एकटाच जातो. मला विचारलेले प्रश्न पाच-सहाच होते: कुठे भेटलात, तो काय काम करतो, लग्नाला किती माणसं होती, तो शेवटचा कधी आला. लग्नाला माणसं किती, याचं खरं उत्तर आमच्याकडे कोणालाच माहीत नसतं. मी म्हटलं, "साडेसातशे ताटं झाली." अधिकारी हसली. मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगा, अर्धवट इंग्रजीत गोंधळण्यापेक्षा ते बरं. २२१-जी चा, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याचा, कागद हातात पडला तर घाबरू नका. बहुतेकदा एखादा कागद कमी असतो, तो पाठवला की गाडी पुढे जाते.

जोडीदार अमेरिकेतच असेल तर

नागरिकाचा जोडीदार आय-१३० आणि आय-४८५ एकत्र भरू शकतो. आय-४८५ ची फी १,४४० डॉलर, सोबत सीलबंद वैद्यकीय अहवाल, आणि हवे असल्यास कामाचा परवाना व प्रवासाचा परवाना यांचे अर्ज. प्रवासाचा परवाना हातात नसताना देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. वैध एच-१बी वा एल-१ वाल्यांना सूट आहे, विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही. घरी वडीलधारं कोणी आजारी असेल तर अर्ज टाकण्याआधी भेटून या. मुलाखत झालीच तर तिला दोघांनी जायचं असतं, आणि शंका आली तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. सकाळचा चहा कोण करतं, हे आपापसात पाठ करू नका. खरं असेल ते सांगा, "ज्याला आधी जाग येते तो" असं असेल तर तसं.

पोचल्यावर

२३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, कार्ड पोस्टाने येतं. अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, सशर्त मिळतं. व्हिसा हातात असताना लग्नाचा दुसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर असेल तर तिकीट सोळा दिवसांनंतरचं काढा आणि विमानतळावर अधिकाऱ्याला तारीख दाखवा. दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि पुढचा एक अर्ज वाचतो.

तो अर्ज आय-७५१, कार्डावरची अट काढून घेण्याचा. कार्ड संपण्याआधीच्या नव्वद दिवसांतच दोघांनी मिळून भरायचा, फी ७५० डॉलर. आधी भरला तर परत येतो, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. यालाही पुरावा लागतो, या वेळी एकत्र संसाराचा: घरभाड्याचा करार, जोडखातं, एकत्र भरलेला टॅक्स. आमच्याकडे फ्रिजवर त्या नव्वद दिवसांचा पहिला दिवस लाल पेनने लिहिलेला असायचा. खालच्या ड्रॉवरमध्ये निळी फाईल, आणि विजेचं प्रत्येक बिल दोघांच्या नावाचं.