गरोदर बाईच्या ताटातल्या या चुका टाळा

रेशनच्या तांदळातले ‘वेगळे’ दाणे निवडून फेकू नका

हे आधी, कारण हेच सांगून सांगून घसा बसलाय. रेशनवर पोषक द्रव्यं मिसळलेला (फोर्टिफाइड) तांदूळ आला असेल, तर त्यात काही दाणे जरा पिवळट आणि गुळगुळीत दिसतात. लगेच, “ताई, प्लास्टिकचा तांदूळ आलाय.” कोणी सांगितलं? मोबाईलवर आलं.

आमच्या पूर्व विदर्भात दोन्ही वेळा भात. एका घरी गृहभेटीला गेले, तर आजी सूप घेऊन एकेक दाणा वेचत बसलेल्या आणि वेचलेले दाणे अंगणात कोंबड्यांना. सून सातव्या महिन्यात, हिमोग्लोबिन साडेआठ. गरोदरपणात ते अकराच्या खाली नको. म्हणजे सुनेचं लोह कोंबड्या खात होत्या. मी वाद घातला नाही. चार दाणे वाटीत भिजत घातले आणि थोड्या वेळाने आजींच्याच बोटांत दिले. चुरडल्यावर त्या म्हणाल्या, “अवो, हे तं पीठच हाय.”

पीठच असतं ते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 कालवून यंत्रातून पुन्हा दाणे पाडतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. त्यातले काही पाण्यावर तरंगतात, म्हणून ते खोटे ठरत नाहीत. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत चोळून धुऊ नका. मी एक-दोनदा हलक्या हाताने धुते आणि पाणी बेताचंच ठेवते. पेज काढायचीच असेल तर ती गाईला न देता सुनेला द्या.

तांदळात लोह आहे म्हणून गोळ्या बंद करू नका

जरा हिशोब करा. अशा मिसळलेल्या तांदळात किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला तर पोटात जातं चार ते सहा मिलिग्रॅम. गरोदरपणात रोजची गरज 27. सरकारी दवाखान्यातल्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि चौथ्या महिन्यापासून ती रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची असते. तांदूळ आधार देतो, गोळीची जागा घेत नाही.

आठवडाभर गोळ्या घेऊन “रक्त वाढलंच नाही” म्हणणाऱ्यांचं काय करावं कळत नाही. त्याहून उतावळे नवरे. दारात पाय ठेवला की, “एक बाटली लावून टाका ना.” इंजेक्शनातून लोह द्यायचं की नाही हे डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतात, तुमच्या घाईवर नाही. गोळीने मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका.

सैंधव मीठ

ही चूक शिकलेल्या घरांतली. कुठेतरी वाचलेलं असतं, ‘नैसर्गिक’, म्हणून गुलाबी मीठ आणलं जातं, तेही चौपट भावाने. त्यात वेगळं आयोडीन घातलेलं नसेल तर ते नावापुरतंच असतं, आणि बाळाचा मेंदू घडायला आयोडीन लागतंच. उपवासाला चिमूटभर चालेल, रोजच्या भाजीला साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. तेही चुलीशेजारी उघड्या वाटीत नको. आयोडीन उडून जातं. माझ्या घरी घट्ट झाकणाची बरणी असते आणि मीठ भाजी उतरवताना पडतं. बीपी असेल तर किती मीठ खायचं ते डॉक्टरांना विचारा, पण जेवढं खाल तेवढं आयोडीनचंच खा.

बाकीचं थोडक्यात

जेवणाला लागून चहा नको, तास-दीड तास थांबा. वरणावर लिंबू मात्र पिळाच.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. “एकदाचं उरकून टाकते” हे इथे चालत नाही.

दूध, तेल घेताना पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह पाहा. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. मात्र अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नका, जास्त झालं तर बाळाला धोका असतो.

अंगणवाडीतून आलेलं पाकीट गरोदर बाईचं आहे, अख्ख्या घराच्या नाश्त्याचं नाही.

घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा. लोह किती आणि कशातून द्यायचं, हे त्यावर ठरतं.